हात माझाच होता

फाइली खोक्यांत भरतेय.
सत्तावीस खोकी झाली, खिडकीखालचं कपाट अजून उघडलेलंच नाही.
'आउने राउतिओ, वकील, कामगार खटले'
काचेवरची अक्षरं मीच खरवडली, लोण्याच्या सुरीनं.
शेवटचा 'ओ' तेवढा निघेना.
राहू दिला.

तिचा बाप थंडर बेच्या कागद गिरणीत.
क्लोरिन छातीत घेऊन घरी यायचा, रात्रभर खोकायचा.
"फिनिशमध्ये खोकायचा," ती म्हणायची,
"म्हणून कंपनीच्या डॉक्टरला काही कळायचं नाही."

पहिला खटला हातमोज्यांचा.
कंपनीचं म्हणणं, लाकूडतोड्यांनी मोजे आपापले आणावेत.
तिनं लवादापुढे एक मोजा ठेवला,
दोन बोटं शाबूत, बाकी भोकं,
आणि विचारलं, "यातलं कुठलं बोट कंपनीचं?"
अकरा महिने. चार तारखा. तीनशे बारा जोड मोजे.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ही त्याच पायरीवर बसून डबा खायची,
राईचा पाव, खारवलेला मासा,
आणि आत जायला घाबरणाऱ्याला अर्धा द्यायची.

मग लोकांनीच तिला निवडणुकीला उभं केलं.
निकालाच्या रात्री युनियनच्या हॉलमध्ये कॉफी संपली.
कौको हाक्कारैनेन, विजेच्या खांबांवर चढणारा,
तिला खांद्यावर घ्यायला वाकला
आणि पाठ धरून खालीच बसला.
"भरपाईचा अर्ज करू का?" ती म्हणाली.
पहाटेपर्यंत हसत होतो.

नऊ वर्षं विरोधी बाकांवर.
मग सरकार आलं, ती श्रममंत्री झाली. चौदा महिने.
टोरांटोहून फोन यायचा: ओरिसिया, झाडाला पाणी घाल.
झाड प्लास्टिकचं होतं.
मी हो म्हणायचे.

त्या नोव्हेंबरात वीज कामगारांचा संप.
बाविसाव्या दिवशी बर्फाचं वादळ आलं, तारा तुटल्या,
म्हाताऱ्यांच्या आश्रमात लोक कोट घालून झोपले.
एक बाई सकाळी उठलीच नाही.
तेविसाव्या दिवशी कामावर परतण्याचा हुकूम निघाला.
खाली सही. 'आर'ची शेपटी लांब,
हजार कागदांवर मी पाहिलेली.
एकोणीस जण परतले नाहीत.
दंड, प्रत्येकी दोन महिन्यांचा पगार.
यादीत सातवं नाव कौको.

पडली ती पुढच्या निवडणुकीत. परत आली.
कुणी शिवी दिली नाही.
फक्त सौनामध्ये, बाकावर,
तिच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली.

दंडाचा खटला उभा राहिला तेव्हा
तिला वकीलपत्र घेता येईना, कायद्यानंच.
मग ती साक्षीदार म्हणून गेली,
तीस वर्षं ज्या पिंजऱ्याकडे बोट केलं, त्यात.
सरकारी वकिलानं कागद पुढे केला. ही सही तुमची?
"हो. हात माझाच होता."
दबावाखाली केलीत?
"नाही."
आज कराल?
ती इतका वेळ गप्प राहिली की
टंकलेखकानं बोटं उचलली, मांडीवर ठेवली.
"त्या बाईसाठी करीन," ती म्हणाली,
"या एकोणीस जणांसाठी करणार नाही.
दोन्ही लिहून घ्या."

दंड निम्मा झाला. कुणीच खूश झालं नाही.
अर्धा भरायलाही कौकोला बोट विकावी लागली.

आठ वर्षांनी तो खांबावरून पडला.
ऑफिसात आला, नमस्कार नाही, चमत्कार नाही,
एक्स-रे तिच्या टेबलावर ठेवला.
तिनं चष्मा लावला.
ती तिची शेवटची फाइल. जिंकली.
निकालाचा कागद आला तेव्हा ती इस्पितळात होती,
वाचून दाखवला, ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

आता जिन्यावर पावलं वाजतायत.
खोकी खाली न्यायला कौको आलाय.
पहिलंच खोकं धरताना त्याचा हात पाठीकडे जातो.
मी म्हणते, राहू दे, पोरं येतील दुपारी.
तो मान हलवतो.
"मागे एकदा," म्हणतो, "उचलायचं राहून गेलं होतं."